शिवरात्रीची कसोटी

शिरवळ हे थांबायचं गाव आहे, जायचं नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला माणूस इथे वडापाव आणि चहापुरता उतरतो, पाय मोकळे करतो आणि जातो. गावातली जुनी दगडी पाणपोई पाहिली की वाटतं, वाटसरूंनी घटकाभर टेकण्याचा हा उद्योग चांगला पाच-सातशे वर्षं तरी चालला असावा. त्यामुळे इथल्या माणसाला इतरांचे प्रवास तोंडपाठ असतात, स्वतःचे कमी. माझं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. दुकानदार माणूस लग्न, मयत आणि दवाखाना सोडून कशासाठी कुलूप लावत नाही. मी क्रिकेटसाठी दोनदाच लावलं. पहिल्यांदा १९९६ साली, दुसऱ्यांदा २०१७ साली. दोन्ही वेळा जे झालं ते बघता, न लावलेलंच बरं होतं, असं घरचे अजून म्हणतात.

२०१६-१७च्या हंगामात भारतात एकदम सहा नव्या ठिकाणी कसोटी सामने झाले. इंदूर, राजकोट, विशाखापट्टणम झालं, रांची आणि धरमशाला व्हायचे होते, आणि मधे होतं पुणे. पुणे म्हणजे खरं तर गहुंजे. तिथलं स्टेडियम २०१२ सालीच उभं राहिलं होतं. आयपीएल झालं, इंग्लंडविरुद्ध वीस षटकांचा सामना झाला, एकदिवसीयही झाले. मी गेलो नाही. काही तासांच्या खेळासाठी शटर ओढायला मन धजत नव्हतं. कसोटीची गोष्ट वेगळी. लहानपणी रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत आम्ही मैदान डोळ्यांपुढे आणायचो, ते मैदान कसोटीचंच होतं: पांढरे कपडे, लांब सावल्या, आणि काहीच न घडणारी दुपार. ती दुपार मला एकदा प्रत्यक्ष बघायची होती. ऑस्ट्रेलियाचा संघ येणार म्हटल्यावर मेहुण्यानं शुक्रवारची आणि रविवारची अशी दोन-दोन तिकिटं काढली. "दाजी, दुसऱ्या दिवशी आपली बॅटिंग, चौथ्या दिवशी आपली फिरकी," असा त्याचा हिशेब. बाजार समितीत काम करणाऱ्याचा हिशेब चुकत नाही, असं मला तोवर वाटायचं.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी. महाशिवरात्र. आदल्या दिवशी जिल्हा परिषदेचे निकाल लागले होते. पहाटे आम्ही निघालो तेव्हा चौकात फटाक्यांचा कागदी कचरा आणि डांबरावर गुलालाचे पट्टे होते. कोण जिंकलं हे रस्त्यावरच्या रंगाच्या दाटपणावरून कळत होतं. घरच्यांनी डबा दिला होता. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, दाण्याचे लाडू. डबा आत नेता येत नाही हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते घरी सांगायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नाही.

गाव सोडताना नीरेच्या काठी सुभानमंगळाची जागा लागते. १६४८ साली फत्तेखानाच्या फौजेशी झालेल्या स्वराज्याच्या पहिल्या लढाईत हा भुईकोट होता. आता बुरूज म्हणावा असं थोडं उरलंय, बाकी कल्पनेनं बांधून घ्यायचं. त्याच्या पलीकडच्या मोकळ्या रानात आम्ही लहानपणी खेळायचो. चेंडू नदीत गेला की सहा नव्हे, आउट. तो काढायला ज्यानं मारला त्यानंच जायचं. या एका नियमानं आमच्या पिढीत उंच फटका मारणारा फलंदाज घडला नाही.

नीरा ओलांडली की पुणे जिल्हा. सारोळा, किकवी, कापूरहोळ. पूर्वेला पुरंदर धुक्यातून खांदा वर काढत होता. चेलाडी फाट्यावर गाड्यांची रांग नसरापूरकडे वळत होती. बनेश्वराला निघालेली माणसं. शिवरात्रीला हे पेशवेकालीन देऊळ माणसांनी भरून जातं. बायकांच्या हातात तांब्ये, पोरांच्या खिशात बेलाची पानं. मेहुण्यानं गाडी हळू केली, दोन्ही हात क्षणभर स्टिअरिंगवरच जोडले आणि म्हणाला, "दाजी, जाऊ का आत? पाच मिनिटं." शिवरात्रीला बनेश्वरात पाच मिनिटांत दर्शन होतं असं मानणारा माणूस भारत ऑस्ट्रेलियाला हरवेल यावरही विश्वास ठेवणारच. मी म्हटलं, "येताना." देवाला येताना भेटू म्हणायची सवय आमच्याकडे सगळ्यांनाच आहे.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुणे खाली पसरलेलं दिसतं आणि दर वेळी ते आधीपेक्षा वर चढून आलेलं असतं. १९९६ साली मी या शहरात जुन्या घाटानं, एसटीनं उतरलो होतो. तारीख २९ फेब्रुवारी. चार वर्षांतून एकदा उगवणारा दिवस, म्हणून लक्षात. स्वारगेटला उतरायचं आणि चालत नेहरू स्टेडियम. विश्वचषकाचा सामना, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. आम्ही गेलो होतो लाराला बघायला. केनियानं कशाबशा १६६ केल्या, त्यांत सगळ्यांत मोठा वाटा अवांतर धावांचा. मग लारा आला, आठ धावा केल्या, आणि चष्मेवाल्या, अंगानं भरलेल्या यष्टिरक्षकानं त्याचा झेल घेतला. त्याआधी त्याच्या हातून काय काय निसटत होतं ते आम्ही हसत हसत बघत होतो. वेस्ट इंडीज सगळे बाद ९३. आम्ही परतलो तेव्हा स्वारगेटला अजून लख्ख ऊन होतं. पण त्या दिवसाची मजा मैदानाबाहेरही होती. सारसबागेजवळ भेळ, कोपऱ्यावर चहा, चहावाल्याकडे रेडिओ, आणि ज्यांच्याकडे तिकीट नव्हतं ती माणसंही मैदानाभोवती उभी. आतला आवाज बाहेर येई आणि बाहेरचे त्यावरून धावा मोजत.

आता रस्ता शहराला बाहेरूनच वळसा घालतो. दरीपूल, नवले पूल, वारजे, चांदणी चौक. बालेवाडीचं क्रीडासंकुल डावीकडं गेलं. १९९४ साली राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते बांधलं तेव्हा लोक म्हणत होते, एवढ्या लांब कोण जाणार? आज त्याच्याभोवती वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत. वाकड, रावेत, किवळे. मग द्रुतगती मार्गाच्या कडेनं गहुंजे, आणि शेतांच्या मधोमध अचानक ते पांढरं छत.

हे स्टेडियम मायकेल हॉपकिन्स या इंग्लिश वास्तुरचनाकाराच्या संस्थेनं आखलं. लॉर्ड्सवरचा माउंड स्टँडही त्यांचाच, तंबूसारख्या कापडी छताचा. इथेही दोन बाजूंना तशीच शिडं ताणलेली आहेत. बाकी प्रेक्षक आभाळाखाली. आमची तिकिटं आभाळाखालची.

पार्किंगच्या शेतात, गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून आम्ही खिचडी संपवली. शेजारच्या गाडीतून उतरलेल्या तरुण मुलामुलींनी गालांवर तिरंगा रंगवून घेतला होता. त्यांतली एक जण आमच्या डब्याकडे बघून म्हणाली, "काका, साबुदाणा? वॉव." लाडू दिले. तिनं घेतले, दोन्ही हातांनी. मग त्यांचा अख्खा घोळका एकेक लाडू घेऊन गेला. दुपारच्या वाट्याचे लाडू असे सकाळी नऊलाच संपले.

आणि मग आत. जिन्यानं वर जाऊन, एका बोळातून वळून, एकदम समोर येतं ते. मी पन्नास वर्षं क्रिकेटबद्दल बोलत आलोय, पण हिरवा रंग एवढा असतो हे मला ठाऊक नव्हतं. टीव्हीवर मैदान पडद्याएवढं असतं. इथे ते खाली, खोलगट, आपल्यापासून लांब असतं, आणि माणसं मुंग्यांहून थोडी मोठी. मैदानापलीकडे डोंगर दिसत होते, फेब्रुवारीतले, वाळल्या गवताचे, पिवळट. "तो घोराडेश्वर," शेजारचे आजोबा म्हणाले. "आज जत्रा आहे तिथं."

हे आजोबा म्हणजे त्या दिवसाची कमाई. सदाशिव पेठेतले, वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर कापडी टोपी, मांडीवर आखलेली वही. प्रत्येक चेंडू पेन्सिलीनं टिपत होते. ठिपका, ठिपका, एक, ठिपका. मी ओळख करून दिली. "शिरवळ," त्यांनी वहीतून मान न काढता म्हटलं. "वडापाव." मला आमच्या गावाचा एवढा संक्षिप्त इतिहास कुणी सांगितला नव्हता. मी सुभानमंगळाचं नाव काढलं तर म्हणाले, "ते आहेच. पण थांबतो आम्ही वड्यासाठी."

पहिल्या दिवसअखेर ऑस्ट्रेलियाचे ९ बाद २५६ झाले होते. नागपूरकडच्या, कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाच्या पोरानं, उमेश यादवनं चार बळी घेतले होते. शेवटची जोडी आज पाच चेंडू टिकली. स्टार्कनं एक चौकार मारला आणि तो झेल देऊन परतला. २६०. मेहुणा जागेवरच ताठ बसला. "बघा दाजी, आता दोन दिवस आपण."

कोहली तेव्हा असा होता की लागोपाठ चार मालिकांत त्यानं द्विशतकं ठोकली होती. भारत एकोणीस कसोटी हरला नव्हता. त्यामुळे विजय गेला, पुजारा गेला, तेव्हा सगळीकडून जो आवाज उठला तो दुःखाचा नव्हताच. कोहली येतोय म्हणून तो आनंद होता. पुजारा बाद झाल्याचा आनंद मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. आजोबांनी वहीतून नजर वर केली आणि म्हणाले, "मूर्ख." पुढे दोन चेंडू. दुसऱ्या चेंडूला बाहेर जाणाऱ्या चेंडूवर कोहलीची बॅट गेली आणि स्लिपमध्ये झेल. एवढी हजारो माणसं एका वेळी गप्प झाल्यावर कसं वाटतं ते लिहिता येत नाही. मला द्रुतगती मार्गावरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू आले. मैदानावर समालोचन नसतं. नक्की काय झालं, चेंडू किती बाहेर होता, खेळायला हवा होता का, हे सांगणारं कोणी नसतं. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

उपाहाराला ३ बाद ७०. राहुल छान खेळत होता. बाहेर जाऊन आम्ही वेफर्सची पाकिटं घेतली आणि मग उपवासाला मसाला वेफर्स चालतात का यावर दोघांत वाद झाला. बटाटा चालतो, तेल चालतं, मीठ शेंदेलोण असायला हवं, आणि तो लाल मसाला कोणाला ठाऊक. शेवटी साधे वेफर्स मिळाले. मी लाडवांच्या आठवणीनं ते खाल्ले. आमच्याकडे गावाच्या सामन्यात जेवायच्या सुट्टीत कोणीतरी ऊस घेऊन येतो, कोणी हरभऱ्याचे डहाळे. पुण्याच्या नव्या मैदानात सगळं पाकिटात. एवढी मोठी वास्तू, पण तिला शेजार नाही. भिंतीबाहेर चहाची टपरी नाही, गल्ली नाही, गच्चीतून बघणारी पोरं नाहीत, आणि तिकीट न मिळालेला माणूस आवाजावरून धावा मोजत उभा राहील अशी जागाही नाही. गाडीतून यायचं, गाडीतून जायचं. घरदार नसलेल्या पाहुण्यासारखं ते माळावर उभं आहे. बालेवाडीसारखं कधीतरी त्याच्याभोवती गाव उठेल. तोवर ते मैदान आहे, पण जागा नव्हे.

उपाहारानंतर जे झालं त्याला किती वेळ लागला हे मी सांगू शकणार नाही. आजोबांची वही सांगू शकेल. सकाळी ओकीफ नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज काही विशेष वाटला नव्हता. नंतर पेपरात वाचलं की, उपाहाराच्या सुट्टीत तो जेवण सोडून मैदानावर सराव करत होता आणि सोबत होता आपल्याच देशाकडून खेळलेला श्रीधरन श्रीराम, ऑस्ट्रेलियाचा फिरकी सल्लागार. आम्हाला काय ठाऊक. आम्ही वेफर्स खात होतो. राहुल उंच मारायला गेला आणि ६४ वर बाद, खांदाही दुखावला. मग रहाणे. संगमनेर तालुक्यातला पोरगा, म्हणून आमच्या स्टँडचा त्याच्यावर जरा जास्तच हक्क. स्लिपमध्ये हँडस्कॉम्बनं झेपावत झेल घेतला. त्याच षटकात साहा. एकाच षटकात तीन. पुढच्या षटकात अश्विन. मी मान वळवून मेहुण्याला काही विचारलं, परत बघितलं तर कोणीतरी यष्टिचीत होऊन निघाला होता. ३ बाद ९४ वरून सगळे बाद १०५. अकरा धावांत सात.

गालावर तिरंगा रंगवलेली ती मुलगी रडत नव्हती, हसत होती. सगळेच हसायला लागले होते. आपल्याकडे दुःख फार झालं की माणूस हसतो. मयतीच्या घरी तेराव्याला जे हसू येतं, तसलं.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांत असं बघितलं नाही," मागून कोणीतरी म्हणालं. आजोबांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मी बघितलंय," ते म्हणाले. "वेगळं, पण पुण्यातच." मग त्यांनी १९४८ची गोष्ट सांगितली. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचा भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२चा जागतिक विक्रम नऊ धावांवर. आणि काठियावाडच्या संघानं पुढे खेळायलाच नकार दिला, सामना सोडून घरी निघून गेला. आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, वडिलांचा हात धरून आले होते. "पुण्यात सामने वेळेआधी उठतात," एवढं बोलून त्यांनी वहीत नवीन पान आखायला घेतलं. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव.

मेहुण्यानं मला बाजूला घेतलं. "दाजी, खरं सांगा. ते केनियाच्या मॅचलाही तुम्हीच होता ना?" मी म्हटलं, होतो. "९३," तो म्हणाला. "आणि आज १०५." बाजार समितीतला माणूस. आकडे शेजारी शेजारी मांडून तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला खरंच अपराधी वाटलं.

दिवस संपेपर्यंत ऑस्ट्रेलिया ४ बाद १४३. स्मिथचे झेल आपल्या लोकांच्या हातून निसटले आणि तो ५९ वर नाबाद राहिला. मला हवी होती ती दुपार, काहीच न घडणारी, ती शेवटच्या तासात मिळाली. सावल्या लांबल्या होत्या, निम्मी माणसं गेली होती, आणि पांढऱ्या कपड्यांतले ते अकरा जण हिरव्यावर उगाच इकडून तिकडे होत होते. आजोबांच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. ते जाताना मी त्यांच्या पाया पडलो. "शिरवळला थांबीन," ते म्हणाले. "वड्यासाठी."

गाडीत बसल्यावर मेहुणा म्हणाला, "बनेश्वर राहिला, घोराडेश्वर तरी करू." आम्ही जुन्या मुंबई रस्त्याकडे वळलो. शेलारवाडीच्या डोंगराला पायऱ्या आहेत आणि त्या दिवशी त्यांच्यावर माणसं सोडून काही दिसत नव्हतं. दोन्ही कडेला पालं. बेल, धोत्र्याची फुलं, रताळ्याचे काप, खजूर, कापलेली कलिंगडं, पिपाण्या, प्लास्टिकचे साप. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळांचे घुंगरू. शिवरात्रीला कवठ पिकतं आणि त्याचा आंबट-गोड वास सगळ्या वाटेवर होता. वर बौद्धांची लेणी, त्यांतल्या एकात महादेव बसवलेला. आमच्या शिरवळच्या डोंगरातही अशीच लेणी आहेत, पण तिथे शिवरात्रीलाही चार पोरं आणि दोन शेळ्या. तुकोबा या डोंगरावर एकांतासाठी येत म्हणतात. आजच्या दिवशी आले असते तर त्यांना दुसरा डोंगर शोधावा लागला असता.

दर्शन घेऊन बाहेर आलो तर खाली गहुंज्याचं स्टेडियम दिसलं. एवढं मोठं, आणि इथून वाटीएवढं. पांढरी शिडं संध्याकाळच्या उजेडात पिवळी झाली होती. कवठ विकणाऱ्या बाईंनी आमच्या गळ्यातले तिकिटाचे पट्टे पाहिले.

"म्याचला गेलता व्हय? किती झाले आपले?"

"एकशेपाच," मेहुणा म्हणाला.

"किती जण गेले?"

"सगळे."

त्यांनी हातातलं कवठ आमच्या पिशवीत टाकलं, मग थोडा विचार करून वर आणखी एक टाकलं आणि पैसे एकाचेच घेतले.

शनिवारी मी दुकान उघडलं. शिवरात्र झाली तरी उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्याला गिऱ्हाईक राहतं, मागचं सगळं भरून निघालं. दुपारी मोबाइलवर बघत होतो. भारतापुढे ४४१ धावांचं लक्ष्य होतं. सगळे बाद १०७. ओकीफनं पुन्हा ३५ धावांत सहा बळी घेतले, पहिल्या डावात घेतले होते तसेच, अगदी तेवढेच. ३३३ धावांनी पराभव, तिसऱ्याच दिवशी. पुढे सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला 'खराब' असा शेरा दिला, पण त्या क्षणी मला दुसरीच आशा वाटत होती. मी मेहुण्याला फोन लावला आणि म्हटलं, बघ, आज मी दुकानात होतो.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. आकडे जुळवत असावा.

"होय," तो म्हणाला, "पण तिकीट तर तुमच्याच खिशात होतं ना रविवारचं?"

ती दोन तिकिटं गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, जुन्या वजनांखाली, अजून आहेत. चौथा दिवस, सकाळी साडेनऊ.